टेबल, सँक्शन, एक्स्पेन्स : कचेरीच्या इंग्रजीत नामांची क्रियापदं

शंका

कचेरीतल्या इंग्रजीत नामं सर्रास क्रियापदांसारखी येतात. 'प्लीज ॲक्शन धिस', 'लेट्स कॅलेंडर इट', 'शी वॉज टास्क्ड विथ द ऑडिट', 'वी आर सनसेटिंग द प्रॉडक्ट'. यातलं चालतं काय, चुकतं काय? आणि तेच पत्र किंवा इतिवृत्त मराठीतही काढायचं असेल, तर कोणत्या शब्दांपाशी थांबून विचार करायचा?

इंग्रजीच्या प्राध्यापिका

नामाचं क्रियापद होणं ही मुळात चूक नाही, आणि हे आजकालचं खूळही नाही. जुन्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद यांचे अंत्यप्रत्यय वेगळे असत. 'प्रेम' म्हणजे लुफू, तर 'प्रेम करणे' म्हणजे लुफियान. 'उत्तर' म्हणजे अँडस्वारू, 'उत्तर देणे' म्हणजे अँडस्वारियान. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजले आणि दोन्हींचं एकच रूप उरलं : लव्ह, आन्सर. खूण गेली तशी आडकाठीही गेली. शब्द नाम आहे की क्रियापद, हे आता वाक्यातली जागाच सांगते. व्याकरणात या प्रकाराला कन्व्हर्जन म्हणतात.

मराठीतही नामधातू, म्हणजे नामावरून घडलेली क्रियापदं, भरपूर आहेत. नांगर–नांगरणे, करवत–करवतणे, लाथ–लाथाडणे, हात–हाताळणे, पाणी–पाणावणे, खर्च–खर्चणे, नोंद–नोंदवणे. पण आपल्याकडे रूप स्वतःच बोलतं. 'नांगरतो' हे नाम असूच शकत नाही. इंग्रजीत 'प्लाऊ' एकटा लिहिला तर अवजार की काम, ते कळत नाही.

याबद्दलची कुरकुरही जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ च्या डिसेंबरात कोशकार नोआ वेबस्टर यांना लिहिलेल्या पत्रात नोटिस, ॲडव्होकेट आणि प्रोग्रेस ही नामं क्रियापदांसारखी वापरण्याला हरकत घेतली होती. आज ही तिन्ही क्रियापदं कोणाच्या डोळ्यांना खुपत नाहीत. 'कॉन्टॅक्ट'चं तर आपल्यासमोरचंच उदाहरण आहे. अमेरिकन हेरिटेज शब्दकोशाच्या सल्लागार मंडळातल्या एक तृतीयांशांच्या आसपास लोकांना १९६९ मध्ये हे क्रियापद मान्य होतं. २००४ मध्ये हेच प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर होतं. तेव्हा 'कानाला कसं लागतं' ही कसोटी फार काळ टिकत नाही. कान सरावतो.

त्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. या कामासाठी आधीपासून सुटसुटीत क्रियापद आहे का? वाचणाऱ्या दोघांना त्यातून एकच अर्थ कळेल का? आणि काम कोणी, कशावर केलं हे वाक्यात दिसतंय का?

पहिल्या प्रश्नामागे भाषेचा एक खरा नियम आहे. भाषेचे अभ्यासक ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क यांनी १९७९ च्या त्यांच्या निबंधात तो मांडला : एका अर्थासाठी प्रचलित क्रियापद असेल तर त्याच अर्थाचं नवं नामसाधित क्रियापद सहसा रुजत नाही. 'टु बायसिकल' चालतं, पण 'टु एअरप्लेन' नाही, कारण ती जागा 'फ्लाय'ने धरलेली आहे. 'टु हॉस्पिटल' नाही, कारण 'हॉस्पिटलाइझ' आहे. याच कारणाने 'सोल्यूशनिंग' हा शब्द अनेकांना खटकतो : 'सॉल्व्ह' असताना हे कशाला? निविदेचं उत्तर तयार करणारी मंडळी मात्र तो वेगळ्या अर्थाने वापरतात. त्यांच्या लेखी प्रश्न अजून सुटलेला नसतो, उपाययोजनेचा आराखडा आखणं चाललेलं असतं. अर्थ खरोखर वेगळा असेल तर शब्द टिकतो. मराठीत तिथे 'उपाययोजना आखणे' लिहावं, 'सोडवणे' नाही.

दुसरी अडचण अशी की नामाचं क्रियापद झालं तरी नामाशी त्याचं नातं काय, ते रूपावरून कळत नाही. 'बटर' म्हणजे वर लोणी लावणं, 'बॉटल' म्हणजे बाटलीत भरणं, 'चेअर' म्हणजे अध्यक्षस्थानी असणं, 'हॅमर' म्हणजे हातोडीने ठोकणं. 'डस्ट' तर दोन्ही दिशांनी चालतं : फळीवरची धूळ झटकणं, आणि केकवर पिठीसाखर भुरभुरणं. रोजच्या शब्दांत संदर्भ सांभाळून घेतो. व्यवहारात पैसे, मुदत आणि जबाबदारी अडकलेली असते, तिथे संदर्भावर विसंबून भागत नाही.

कंपनी सचिव

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे 'टेबल'. ब्रिटिश वापरात 'टेबल अ पेपर' म्हणजे विषय चर्चेला घेणं. अमेरिकी वापरात 'टेबल अ मोशन' म्हणजे तो बाजूला ठेवणं, लांबणीवर टाकणं. अर्थ थेट उलटे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या बैठकीत याच शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाल्याचं चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवलं आहे. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला हवं होतं म्हणून ते 'टेबल' करायचं म्हणत होते, आणि अमेरिकनांना वाटत होतं की हे खणात टाकून द्या म्हणताहेत. हवं होतं दोघांनाही एकच.

आपल्याकडे ब्रिटिश अर्थ रूढ आहे, तो संसदेच्या प्रथेमुळे. कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर ठेवली' जातात आणि इंग्रजी बातमीत तेच 'टेबल्ड' होतं. इथे आणखी एक बारकावा जपायला हवा. पटलावर ठेवणं म्हणजे सदस्यांना उपलब्ध करून देणं. त्यावर चर्चा झालीच असं नाही, आणि मंजुरी तर नाहीच नाही. मराठी बातमीत 'अहवाल मांडला' एवढं पुरतं. 'अहवालावर चर्चा झाली' असं आपल्या मनाने लिहू नये.

कंपनीच्या संचालक मंडळात अमेरिकी सदस्य असतील तर इतिवृत्तात 'टेबल' हा शब्दच टाळावा. चर्चेला घेतलं असेल तर 'प्लेस्ड बिफोर द बोर्ड', पुढे ढकललं असेल तर 'डिफर्ड टु' आणि पुढच्या बैठकीची तारीख. मराठीत 'मंडळासमोर ठेवले' आणि 'पुढील बैठकीपर्यंत तहकूब ठेवले'.

'मिनिट' या क्रियापदाला मात्र मी पूर्ण पाठिंबा देईन. 'प्लीज मिनिट माय डिसेंट' म्हणजे माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. वाक्य छोटं, अर्थ एकच, आणि मागे कायद्याचं बळ. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे सभा संपल्यापासून ३० दिवसांत इतिवृत्त नोंदवहीत यावं लागतं, आणि संचालक मंडळाच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाला कोणाचा विरोध होता त्यांची नावं द्यावी लागतात. 'नोट' म्हटलं तर नुसतं लक्षात घेतलं असाही अर्थ निघतो. 'मिनिट' म्हटलं की लेखी नोंद झालीच पाहिजे. उच्चार नेहमीचाच, घड्याळातल्या मिनिटासारखा.

भाषांतरकार

माझ्या कामात सर्वात धोक्याचा शब्द 'सँक्शन'. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध कायद्याशी, आणि तो मोडल्यास होणाऱ्या शिक्षेशी. त्यातून दोन फांद्या फुटल्या. एक मान्यता देण्याची, दुसरी दंड करण्याची. क्रियापद दोन्ही अर्थांनी चालतं.

भारतीय कचेऱ्यांत वर्षानुवर्षं पहिलाच अर्थ आहे. कर्ज सँक्शन होतं, रजा सँक्शन होते. सरकारी आस्थापनेत 'सँक्शन्ड पोस्ट्स' म्हणजे मंजूर पदं, वीजबिलावर 'सँक्शन्ड लोड' म्हणजे मंजूर भार. इतकी सवय झाल्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या मजकुरात 'सँक्शन्ड व्हेसल' आलं की हात आपोआप 'मंजुरीप्राप्त जहाज' लिहून जातो. प्रत्यक्षात ते निर्बंध घातलेलं जहाज असतं, आणि त्यावर माल चढवला तर बँक पैसे अडवू शकते. अर्थ बरोबर उलटा, आणि नुकसान खरंखुरं.

ओळखायचं कसं? कर्म बघायचं. कर्म रक्कम, पद, योजना, रजा किंवा खर्च असेल तर मंजुरी. कर्म देश, कंपनी, व्यक्ती, जहाज किंवा बँक असेल तर निर्बंध. नामाचं अनेकवचन 'सँक्शन्स' आलं की बहुधा निर्बंधच. तरीही दोन्ही अर्थ लागू शकतील असं वाक्य समोर आलं तर मूळ लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

'ॲक्शन'बद्दल माझं मत कडक आहे. 'द रिक्वेस्ट हॅज बीन ॲक्शन्ड' या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. अर्ज मंजूर झाला? फेटाळला? पुढे पाठवला? वर पुन्हा कर्मणी रचना, म्हणजे करणाराही गायब. इंग्रजीतच दुरुस्त करावं : 'अकाउंट्सने ५ तारखेला पैसे वर्ग केले' असं साधं वाक्य हवं.

मराठीत आणताना आणखी एक खाच आहे. कार्यवाही आणि कारवाई हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्हींसाठी इंग्रजीत 'ॲक्शन'च येतो. फाईल पुढे सरकवणं, पत्राला उत्तर देणं, आदेशाप्रमाणे काम करणं ही कार्यवाही. दंड, जप्ती, निलंबन, अतिक्रमण हटवणं ही कारवाई. 'युअर कंप्लेंट हॅज बीन ॲक्शन्ड' याचं 'आपल्या तक्रारीवर कारवाई झाली' केलं, तर तक्रारदार समजतो की समोरच्याला शिक्षा झाली. प्रत्यक्षात तक्रार फक्त संबंधित विभागाकडे गेलेली असते. तिथे 'आपली तक्रार अमुक विभागाकडे पाठवली आहे' हेच लिहावं. 'ॲक्शन अगेन्स्ट' असेल तेव्हाच कारवाई.

लेखापाल

आमच्या क्षेत्रातले दोन शब्द जोडतो. दोन्ही नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला 'एक्स्पेन्स'. कर्मचारी म्हणतो, 'आय विल एक्स्पेन्स द लंच'. म्हणजे जेवणाचं बिल कंपनीकडून भरून घेईन. लेखापाल म्हणतो, 'वी एक्स्पेन्स्ड द सॉफ्टवेअर'. म्हणजे ती रक्कम मालमत्ता म्हणून न दाखवता त्याच वर्षाच्या नफा-तोट्यात खर्ची टाकली. दोन्ही वापर बरोबर आहेत. गफलत होते ती एकाने दुसऱ्याच्या अर्थाने वाचलं की.

आकड्यात बघा. सॉफ्टवेअरवर १२ लाख रुपये गेले. एक्स्पेन्स केले तर या वर्षाचा नफा १२ लाखांनी कमी. कॅपिटलाइझ केले, म्हणजे मालमत्ता म्हणून नोंदवले, आयुष्य तीन वर्षं धरलं आणि दरवर्षी सारखीच रक्कम वजा केली, तर या वर्षाचा नफा ४ लाखांनीच कमी, उरलेले ८ लाख ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसतात. यातली निवड आपल्या मर्जीची नसते. अमूर्त मालमत्तेचं लेखामानक इंड एएस ३८ सांगतं की संशोधनाच्या टप्प्यातला खर्च खर्चीच टाकायचा, आणि विकासाच्या टप्प्यातला खर्च ठरावीक अटी पूर्ण झाल्या तरच मालमत्ता धरायचा. म्हणून 'एक्स्पेन्स इट' असा एका ओळीचा निरोप आला तर आधी विचारून घ्यावं : प्रतिपूर्तीचा दावा लावायचाय, की खर्ची नोंदवायचंय?

दुसरा 'कॉस्ट'. हे क्रियापद दोन प्रकारे चालतं आणि भूतकाळी रूपावरून फरक कळतो. 'द प्रोजेक्ट कॉस्ट ४० लाख' म्हणजे ४० लाख लागले, पैसे गेले. 'द प्रोजेक्ट वॉज कॉस्टेड ॲट ४० लाख' म्हणजे ४० लाखांचा अंदाज काढला, अजून एक रुपयाही गेलेला नसेल. दुसरं क्रियापद 'खर्चाचा अंदाज' या नामाच्या अर्थावरून आलं, म्हणून त्याला नियमित 'एड' लागतो. अहवालात 'कॉस्टेड'चं भाषांतर 'खर्च आला' झालं की वाचणारा पुढचं सगळं गणित चुकीचं धरून चालतो. 'खर्च ४० लाख रुपये धरला आहे' असं लिहावं.

जाता जाता एक : आपल्याकडे हिशेबाच्या भाषेत स्वतःची चोख क्रियापदं आहेत. 'पोस्ट करणे'ला खतावणे, 'डेबिट करणे'ला नावे टाकणे, 'लेव्ही करणे'ला आकारणे. खतावणे हा नामधातूच, खात्यावरून आलेला. खतावणी शब्द अजून ऐकू येतो, पण त्याचं क्रियापद वापरणारे कमी होत चाललेत याचं वाईट वाटतं. ते वापरावं, कारण 'पोस्ट करणे'चे आज डाकेत टाकणं आणि समाजमाध्यमावर टाकणं असेही अर्थ आहेत. खतावण्याचा एकच आहे.

इंग्रजीच्या प्राध्यापिका

'कॉस्टेड'चा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो व्यापक नियमात बसतो. नामावरून नव्याने झालेलं क्रियापद साधारणपणे नियमित चालतं, मग त्याच्यासारखं दिसणारं जुनं क्रियापद कितीही अनियमित असो. फोन वाजला तर 'रँग', पण शहराला वेढा दिला तर 'रिंग्ड', कारण ते 'रिंग' म्हणजे कडं या नामावरून आलं. अपवाद आहेतच. 'ग्रीनलाइट' म्हणजे हिरवा कंदील दाखवणं, त्याचं 'ग्रीनलिट'ही होतं आणि 'ग्रीनलाइटेड'ही.

उच्चाराचंही सांगायला हवं, कारण मराठी भाषकांकडून तिथे चूक होते. जुन्या जोड्यांत नामाचा आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर असतो : रेकॉर्ड, परमिट, इन्क्रीज, एक्स्पोर्ट, कॉन्ट्रॅक्ट. अलीकडे नामावरून झालेल्या क्रियापदांत आघात बहुधा नामाच्याच जागी राहतो : ॲक्सेस, प्रोफाइल. तेव्हा नवं क्रियापद दिसलं की आघात दुसऱ्या अवयवावर ढकलायची गरज नाही.

लेखनात तीन जोड्या पाठ असाव्यात. ब्रिटिश आणि भारतीय लेखनात लायसन्स हे नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने. प्रॅक्टिसचंही तसंच. ॲडव्हाइसमध्ये तर उच्चारही बदलतो. 'प्लीज ॲडव्हाइस' असं 'सी'ने लिहिलेलं ईमेलमध्ये रोज दिसतं. ते नाम आहे, तिथे 'एस'चं क्रियापदच हवं. याच रांगेत 'इफेक्ट' येतो. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ 'घडवून आणणे'. 'इफेक्ट द पेमेंट' म्हणजे पैसे चुकते करा. 'अफेक्ट द पेमेंट' म्हणजे पैसे देण्यावर परिणाम होईल. एका अक्षराने आज्ञेची धोक्याची सूचना होते.

'इम्पॅक्ट' क्रियापद म्हणून सतराव्या शतकापासून आहे, त्यामुळे ते 'नवीन आहे' हा आक्षेप टिकत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे : दिशा कळत नाही. 'धिस विल इम्पॅक्ट मार्जिन्स' लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा 'नफा घटेल' म्हणायचं असतं आणि ते उघड म्हणायचं नसतं. घटेल तर घटेल लिहा, किती ते लिहा.

पुरवणी शंका

'सनसेट'चं राहिलं. आणि मराठीत आपण 'करणे' जोडून सगळंच चालवतो, त्याने या गोंधळात भर पडते का?

भाषांतरकार

'सनसेट' हे क्रियापद कायद्याच्या भाषेतून आलं. ठरावीक मुदतीनंतर आपोआप संपणारी तरतूद म्हणजे सनसेट क्लॉज. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने १९७६ मध्ये असा पहिला सनसेट कायदा केला. तिथून ते सॉफ्टवेअरच्या धंद्यात गेलं. आता 'वी आर सनसेटिंग द ॲप' म्हणजे सेवा टप्प्याटप्प्याने बंद करतोय. पण टप्पे कोणते? नवी विक्री थांबण्याची तारीख, दुरुस्त्या आणि मदत थांबण्याची तारीख, आणि माहिती पुसली जाण्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाला सर्वात जास्त गरज तिसरीची असते आणि बहुतेक सूचनांत तीच शोधावी लागते. मराठी सूचनेत क्रियापदाच्या मागे न लागता या तीन तारखा सरळ द्याव्यात.

'करणे'बद्दल : हो, फरक पडतो. 'ईमेल कर'मध्ये ईमेल नाम आहे, 'डिलीट कर'मध्ये डिलीट क्रियापद आहे, पण मराठी वाक्यात दोन्ही सारखेच बसतात. त्यामुळे मूळ इंग्रजीत शब्द कोणत्या जातीचा, याकडे आपलं लक्षच जात नाही, आणि उलट इंग्रजीत लिहिताना 'डू वन मेल', 'डू अ कॉल' असं उतरतं. तिथे 'मेल मी', 'कॉल मी' हे नामाचं क्रियापदच बरोबर आहे.

मराठीत नवे नामधातू घडताना दिसतात ही चांगली गोष्ट आहे. इंटरनेटवर लिहिणारे 'टंकणे' सहज वापरतात, 'गुगलून बघ' तर बोलण्यातही आहे. 'गुगल' हे क्रियापद म्हणून ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात २००६ मध्ये आलं. मराठीत ते 'णे' लागून आलं, म्हणजे आपल्या नियमानेच आलं. औपचारिक पत्रात 'गुगलणे' मी लिहिणार नाही, 'शोधणे' लिहीन. घरगुती लेखनात ते शोभतं.

कंपनी सचिव

प्रत्यक्ष वापरासाठी इतिवृत्तातलं एक नेहमीचं वाक्य घेऊ : 'व्हेंडर इश्यू वॉज सरफेस्ड, टास्क्ड टु प्रोक्युअरमेंट अँड विल बी ॲक्शन्ड.' तीन क्रियापदं नामांची, आणि माहिती जवळपास शून्य. 'सरफेस्ड' म्हणजे कोणी मांडलं? 'टास्क्ड'चं कर्म व्यक्ती असायला हवं, काम नाही. 'शी वॉज टास्क्ड विथ इट' बरोबर, 'इट वॉज टास्क्ड टु हर' ढिसाळ. 'ॲक्शन्ड'चं वर झालंच आहे.

मराठीत हेच असं लिहिता येईल : 'पुरवठादाराने दोन खेपा उशिरा दिल्याचे उत्पादन प्रमुखांनी निदर्शनास आणले. खरेदी विभागाने पुरवठादाराला लेखी विचारणा करावी आणि त्याचे उत्तर पुढील बैठकीत ठेवावे. मुदत : १५ दिवस.' हे मराठी आधी लिहून मग त्यावरून इंग्रजी केलं, तर इंग्रजीतही नामांची क्रियापदं फारशी शिरत नाहीत, कारण कोण, काय आणि कधी हे आधीच ठरलेलं असतं. 'कॅलेंडर इट'चंही तेच. 'बैठक १२ तारखेला सकाळी ११ वाजता' लिहिलं की त्या क्रियापदाचं काम उरत नाही.